शिवनेरीचा कडा, भीमगडचं रान: एक फूल आणि एक वाघूळ

दसऱ्याला जोडून सुट्टी आली आणि नेहमीप्रमाणे घरात दोन पक्ष पडले. मला जुन्नरला जाऊन शिवनेरीच्या कड्यावर फुललेली शिंदळ माकुडी पाहायची होती. अजयला बेळगावकडच्या खानापूर तालुक्यातल्या भीमगडच्या जंगलात जायचं होतं, तेही एका वटवाघळासाठी. हा माणूस लग्नाआधीपासून वाघळांच्या मागे आहे आणि मी झाडांच्या, त्यामुळे वाद काही नवा नव्हता. आठवीतली सई म्हणाली, "दोन्हीकडे जाऊया. कोण भारी ते मी ठरवते." लगेच वहीत मधोमध रेघ मारून एका बाजूला 'फूल', दुसऱ्या बाजूला 'वाघूळ' लिहून झालं. खाली रकाने: नाव, घर, जेवण, पोरंबाळं, शत्रू, गुण.

दोघांची थोडी ओळख आधीच करून देते. शिंदळ माकुडी म्हणजे फ्रेरिया इंडिका. अलीकडे शास्त्रज्ञांनी तिचं नाव दोन-तीनदा बदललं, पण झाडांच्या नादातली माणसं अजून फ्रेरियाच म्हणतात. सह्याद्रीतल्या काही कड्यांवर ती उगवते; महाराष्ट्राबाहेर जगात कुठेच ती रानात सापडत नाही. एकेकाळी आययूसीएन या निसर्गसंवर्धनाच्या जागतिक संघटनेने जगातल्या सर्वांत धोक्यातल्या बारा वनस्पतींमध्ये तिला बसवलं होतं.

वाघूळ म्हणजे रॉटनचं मोकळ्या शेपटीचं वटवाघूळ, शास्त्रीय नाव ओटोमॉप्स रॉटनाय. लंडनच्या संग्रहालयातल्या ओल्डफील्ड थॉमस या प्राणिशास्त्रज्ञाने १९१३ साली त्याचं वर्णन केलं, ते खानापूरकडच्या तळेवाडीजवळच्या बारापेडे गुहांमधल्या नमुन्यांवरून. त्यानंतर जवळजवळ नव्वद वर्षं या प्राण्याचा जगातला ठाऊक असलेला पत्ता एवढाच होता: बारापेडे. २००० सालाच्या आसपास मेघालयात आणि कंबोडियात ते सापडलं तेव्हा कुठे पत्त्याच्या वहीत भर पडली.

पहिला दिवस: जुन्नर

पुण्याहून पहाटे निघालो. नारायणगाव सोडून जुन्नरच्या रस्त्याला लागलो की दोन्ही बाजूंना झेंडूची शेतं दिसत होती. दसऱ्याची तोडणी उरकलेली, तरी मागे राहिलेली फुलं पुरेशी पिवळी होती. जुन्नरला चहा-पोहे झाले आणि उन्हं चढायच्या आत गडाच्या पायऱ्यांना लागलो.

शिवनेरीला पायरीमार्गाने सात दरवाजे ओलांडून जायचं. नवरात्र संपून गेल्यामुळे शिवाईच्या देवळात गर्दी नव्हती. माझं लक्ष मात्र देवळापेक्षा कातळाकडे. पावसाळा सरताना हे कडे सोनकीने पिवळे असतात. आता सोनकी सुकत आली होती, गवत तांबूस झालं होतं आणि दुपारचं ऊन ऑक्टोबरला शोभेल असं भाजत होतं. फ्रेरियाचा फुलायचा काळ साधारण ऑगस्टच्या शेवटापासून नोव्हेंबरपर्यंत, म्हणजे वेळ बरोबर होती.

पायथ्याकडे शेळ्या चारणाऱ्या एक आजी भेटल्या. मी मोबाईलवरचा फोटो दाखवला.

"ही व्हय? माकुडी. ही खाली नाय घावायची पोरी."

"का हो आजी?"

"शेळी सोडती का तिला! जिथं शेळीचं त्वांड पोचत नाय, तिथं वर बघ."

याहून चांगली मार्गदर्शक पुस्तकात नाही. फ्रेरिया ज्या कुळातली त्याच कुळातली आपली रुई. रुईचं पान तोडलं की पांढरा चीक येतो, आणि त्या चिकापुढे शेळीही सहसा माघार घेते. फ्रेरियाला तसा पांढरा चीक नाही. अंगात नुसतं पाणी साठवलेलं, देठं मऊ, पानं जाडसर. चरणाऱ्या जनावराला आयती मेजवानी. तिने उभा कडा धरला तो बहुधा हौसेने नाही. सईने वहीत 'शत्रू' या रकान्यात 'शेळी' लिहिलं आणि वाघळाच्या बाजूला प्रश्नचिन्ह काढलं.

मग मान वर करून, दुर्बीण लावून एकेक कपार तपासायचं काम. अजय मदत करण्याऐवजी प्रत्येक काळ्या भोकाकडे "इथं आत असणार" असं म्हणत होता. अखेर सईनेच बोट दाखवलं. निवडुंगाच्या एका झुडपाच्या आडोशाला कातळातून लोंबणारी हिरवी देठं, त्यांवर समोरासमोर पानं, आणि पानांच्या बगलेत गडद तांबडी फुलं. दुर्बिणीतूनही ती पंचकोनी चांदणी स्पष्ट दिसत होती, पाकळ्यांवर पिवळे ठिपके.

वाटेच्या बाजूच्या कातळात अशीच एक, डोळ्यांच्या उंचीवर सापडली. (कुठल्या दरवाज्याजवळ ते लिहीत नाही. मागे एका झाडाचा पत्ता असाच सांगितला जाताना मी ऐकला होता आणि पुढच्या खेपेला तिथे खड्डा होता.) फूल दोन-अडीच सेंटीमीटरचं, कडांना बारीक लव. त्यावर एक माशी बसली होती आणि आम्ही तिघं त्या माशीकडे किती वेळ पाहत उभे होतो कोण जाणे. या कुळातल्या फुलांचे परागकण मोकळे उधळत नाहीत. ते दोन छोट्या पिशव्यांत बांधलेले असतात आणि पिशव्या मधल्या चिमट्याला जोडलेल्या. माशीचा पाय किंवा सोंड फुलातल्या फटीत अडकली आणि तिने हिसडा दिला की चिमटा जोडी घेऊन तिच्याबरोबर जातो. पुढच्या फुलावर पुन्हा तशीच फट सापडली तर पिशवी तिथे राहते. एवढं सगळं जुळलं तर शेंगांची जोडी धरते. शेंग उकलली की रेशमी झुपका असलेल्या बिया वाऱ्यावर निघतात, आणि कड्याच्या वाऱ्यात त्यांतल्या बहुतेक जातात दरीत, जिथे शेळ्या आहेत.

'पोरंबाळं' रकान्यात सईने लिहिलं: पुष्कळ, पण भरकटतात.

आणखी एक गंमत सांगते. फ्रेरिया ज्या गटातली, त्या गटातल्या जगभरच्या बहुतेक भावंडांना पानं असली तरी नावापुरतीच असतात. नुसती मांसल देठं. हिला मात्र पावसाळ्यात चांगली भरघोस पानं येतात आणि उन्हाळा आला की ती टाकून देते. मे महिन्यात आलात तर कड्यावर चार करडी देठं दिसतील आणि तुम्ही पुढे निघून जाल.

*जाणाऱ्यांसाठी:* दुर्बीण हवीच. पायरीमार्ग सोडून कड्याकडे वळू नका. गडावर आग्या मोहोळं असतात, त्यामुळे अत्तर, सिगारेट, आरडाओरडा, ड्रोन हे सगळं घरी ठेवा. पाणी खालूनच न्या. आणि फांदी तोडू नका. ती घरी कुंडीत लागते हे खरं आहे, तरीही तोडू नका.

खाली उतरून मासवडी खाल्ली. जुन्नर भागात येऊन मासवडी न खाता परतणं मला पटत नाही. बेसनाच्या उकडीत तीळ, खोबरं, लसूण यांचं सारण, वर झणझणीत रस्सा, बाजरीची भाकरी. नावात मास असलं तरी पूर्ण शाकाहारी. अजयने रस्सा दोनदा मागून घेतला आणि नंतर पाण्याचा तांब्या मोकळा केला.

जेवताना नावांचा विषय निघाला. फ्रेरिया हे नाव सर बार्टल फ्रेअरवरून, मुंबईचे गव्हर्नर, १८६२ ते १८६७. मुंबईच्या किल्ल्याच्या भिंती याच्याच काळात पाडल्या गेल्या. फ्लोरा फाउंटनला खरं तर याचंच नाव द्यायचं ठरलं होतं. ते बारगळलं आणि कारंज्याला फुलांची देवी मिळाली. गव्हर्नरसाहेबाच्या वाट्याला आलं ते फूल, तेही असं की निम्म्या महाराष्ट्राला दिसत नाही. फुलाला हे नाव दिलं निकोल डॅलझेलने. तो मुंबई इलाख्याच्या वनखात्यातला, आणि त्याला हे झाड जुन्नर परिसरातच मिळालं होतं. अजय म्हणाला, "आणि रॉटनसुद्धा मुंबई इलाख्याच्या वनखात्यातलाच." निवृत्त झाल्यावर याच रॉबर्ट रॉटनने बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचं सस्तन प्राण्यांचं मोठं सर्वेक्षण उभं केलं. १९११ साली ते सुरू झालं आणि त्यातच बारापेडेचं वाघूळ हाती लागलं. दोन जंगलखात्याची माणसं, मधे अर्धं शतक. 'नाव' या रकान्यात बरोबरी झाली.

संध्याकाळी अजयच्या आग्रहाखातर तुळजा लेण्यांकडे गेलो. जुन्नरभोवतीच्या डोंगरांत बौद्ध लेणी इतकी आहेत की सगळी पाहायची तर मुक्काम हलवता येणार नाही. कोरणाऱ्यांनी ती भिक्षूंसाठी कोरली, वाघळांनी नंतर ताब्यात घेतली. सूर्य मावळला तशी आतून छोटी वाघळं एक-एक करून, मग घोळक्याने बाहेर पडू लागली. अजय खूश. मी नाकाला ओढणी लावून उभी. "ही ती नव्हेत," त्याने सईला सांगितलं, "ती असल्या कोरीव घरात राहिलेली कुणी पाहिली नाहीत."

दुसरा दिवस: सज्जनगड, मग बेळगाव

हा दिवस गाडीतलाच. साताऱ्याला मात्र सज्जनगडासाठी वाट वाकडी केली, कारण फ्रेरियाच्या नोंदी झालेल्या ठिकाणांत सज्जनगड आहे. पुरंदर-वज्रगड, महाबळेश्वरजवळचा आंबेनळी घाट, भंडारदऱ्याकडचा रंधा धबधबा हीही त्या यादीत आहेत. सगळी नावं नकाशावर मांडली की लक्षात येतं, ही एकाच जागेला चिकटलेली नाही. तुकड्या-तुकड्याने, एकमेकांपासून दूर, ज्याच्या-त्याच्या कड्यावर आहे. मधल्या पठारांवर शेती, चराई, वणवे.

सज्जनगडावर समर्थांच्या समाधीचं दर्शन झालं आणि दुपारचा प्रसाद मिळाला. पंगतीत शेजारी बसलेल्या साताऱ्याच्या काकांनी आमचं दुर्बीण-पुराण ऐकून घेतलं आणि म्हणाले, "एवढ्या लांबून आलात तर खालची उरमोडी तरी बघा, रोज कुठं एवढी भरलेली असते!" खरंच, धरणाचं पाणी उन्हात चमकत होतं. तटाच्या बाहेर एका कपारीत माकुडीची जाळी दिसली, पानांसकट, पण फूल एकही नाही. वारा एवढा की दुर्बीण स्थिर धरवेना.

कासला जायचं टाळलं. त्या दिवसांत तिथे फुलांपेक्षा माणसं जास्त असतात.

*जाणाऱ्यांसाठी:* पुण्याहून एका दिवसात फुलंच पाहायची असतील तर पुरंदर किंवा सज्जनगड सोयीचे. पण फुलं दिसण्याची खात्री कुणीच देत नाही.

रात्री बेळगाव. लॉजच्या खोलीची कहाणी लांबवत नाही. गरम पाणी सकाळी सहाला येईल म्हणाले होते, आलं आठला.

तिसरा दिवस: खानापूर, हेम्माडगा

बेळगावहून खानापूरला उतरलो तेव्हा मलप्रभा गढूळ, भरून वाहत होती. या तालुक्यात पाण्याचा खेळ पाहण्यासारखा आहे. कणकुंबीला उगम पावलेली मलप्रभा पूर्वेला जाऊन कृष्णेला मिळते. तिच्यापासून फार लांब नसलेल्या देगावच्या रानातून निघालेली म्हादई पश्चिमेला गोव्यात उतरते, तिथे तिला मांडवी म्हणतात. म्हादईच्या पाण्यावरून कर्नाटक आणि गोव्याचं भांडण वर्षानुवर्षं चाललंय, त्यात इथल्या माणसांना कुणी काही विचारल्याचं ऐकिवात नाही.

खानापूर सोडलं आणि रस्ता झाडीत शिरला. हवा बदलली, काच खाली केली तर ओल्या पाचोळ्याचा वास. भीमगड अभयारण्य २०११ च्या डिसेंबरात जाहीर झालं, क्षेत्र सुमारे १९० चौरस किलोमीटर. नाव भीमगड किल्ल्यावरून. पोर्तुगीजांवर नजर ठेवायला शिवाजी महाराजांनी तो बांधून घेतला असं सांगतात. हेम्माडग्याला वनखात्याची चौकी आहे. परवानगीचे कागद अजयने आधीच फोनाफोनी करून जमवले होते, त्यामुळे चौकीवर फक्त सह्या.

मुक्कामाच्या ठिकाणी स्वयंपाक करणाऱ्या मावशींनी दारातच थांबवलं. "पाय बघा की ओ आधी!" तिघांच्याही पायांना जळवा. त्यांनी मिठाची पुरचुंडी पुढे केली, जणू रोजचाच पाहुणचार. सईने किंकाळी मारायचं ठरवलं होतं, पण मावशींचा शांतपणा पाहून तिने ती गिळली.

दुपारी जेवायला उकड्या तांदळाचा भात, कुळथाचं कढण, नाचणीची भाकरी आणि तळलेले फणसाचे पापड. जेवण होतंय तोवर आभाळ भरून आलं आणि पत्र्यावर असा पाऊस कोसळला की बोललेलं ऐकू येईना. मावशी मोठ्याने म्हणाल्या, "परतीचा हाय. जाईल की संध्याकाळी." मला पाऊस ऐकायला आवडतो. अजय मात्र घड्याळ बघत होता, कारण पाऊस राहिला तर कीटक उडणार नाहीत आणि कीटक नाहीत तर वाघळंही हात राखून बाहेर पडतील.

या वेळात वॉचर मामांशी गप्पा झाल्या. मराठी त्यांची घरची, मधेच कोकणी वळण, फोनवर साहेबांशी कानडी. गुहेत नेणार का, असं सईने विचारलं. मामांनी मान हलवली. "नाही बाळ. आधी लोक जायची टॉर्च घिऊन. आत गोंधळ केला की ती उठतात, पिल्लं खाली पडतात. आता कुणाला सोडत नाही."

आम्ही गुहेची परवानगी मागितलीही नव्हती. अजयचं म्हणणं होतं की ज्या प्राण्याचं जगातलं सर्वांत जुनं माहीत असलेलं घर आहे, तिथे त्याला झोपेतून उठवून 'पाहिलं' म्हणण्यात अर्थ नाही. मला हे पटलं, आणि जरा हेवाही वाटला. माझं फूल कड्यावर दिवसभर उभं होतं, मी हवा तेवढा वेळ त्याच्याकडे टक लावून पाहिलं होतं.

कायद्याची एक विचित्र गोष्ट अजयने सईला सांगितली. वन्यजीव कायद्याच्या जुन्या परिशिष्टांत फळं खाणारी वटवाघळं उंदीर, कावळे यांच्याबरोबर उपद्रवी प्राण्यांत टाकलेली होती. २०२२ च्या दुरुस्तीत ते परिशिष्टच गेलं. पण त्याच कायद्यात रॉटनचं वाघूळ आणि तमिळनाडूतलं सालिम अलींच्या नावाचं फलाहारी वाघूळ ही दोन पहिल्या परिशिष्टात, म्हणजे वाघ-हत्तींच्या ओळीत होती.

पाऊस साडेपाचला थांबला. मुक्कामावर एक तरुण संशोधक होती, वाघळांच्या आवाजावर काम करणारी. हातात वाघळांचे आवाज टिपणारं छोटं यंत्र. तिने आम्हाला चौकीपासून थोड्या अंतरावरच्या मोकळ्या जागेवर नेलं, वॉचर मामा सोबत. जमीन वाफाळत होती. पहिल्यांदा आली ती छोटी वाघळं, झाडांच्या कडेने वळवळत उडणारी. यंत्रातून त्यांचा आवाज टकटक-टकटक असा भराभर येत होता.

"मोकळ्या शेपटीची अशी उडत नाहीत," ती म्हणाली. "त्यांचे पंख लांब आणि अरुंद असतात. झाडांत वळणं घेण्यापेक्षा मोकळ्या आभाळात, उंचावर, वेगाने जाणारी. पतंग मिळतील तिथवर लांब जातात." रॉटनचं वाघूळ तिने आपल्या फोनवर दाखवलं: गडद चॉकलेटी अंग, मानेमागे फिकट पट्टा, आणि पुढे झुकलेले, कपाळावर एकत्र जोडलेले सुपासारखे कान. शेपूट पायांमधल्या पडद्याच्या बाहेर मोकळी. सईला ते कुरूप वाटेल असं मला वाटलं होतं. ती म्हणाली, "कसलं भारी आहे!"

अंधार पडला. आम्ही वर पाहत होतो, दिसत काहीच नव्हतं. मग सई म्हणाली, "हे टिक, टिक कोण करतंय?"

मला काही ऐकू येत नव्हतं. अजयलाही नाही. यंत्राचा आवाज संशोधक ताईने बंद केला होता. ती मात्र सईकडे वळली. "कुठून?"

"वरून. आता लांब गेलं."

यंत्राच्या पडद्यावर खालच्या बाजूला, बाकी सगळ्या वाघळांच्या रेघांपासून वेगळ्या, विरळ अंतराने काही खुणा उमटल्या होत्या. ओटोमॉप्सची हाक इतर बहुतेक वाघळांच्या मानाने फार खालच्या पट्टीतली, साधारण पंधरा किलोहर्ट्झच्या आसपासची. लहान मुलांच्या कानाला ती ऐकू येऊ शकते. माणसाच्या हिशेबाने मात्र ती वरचीच; चाळिशीपुढे बहुतेकांचे कान एवढ्या वरचे स्वर सोडून देतात. अजयने एवढी वर्षं ज्याची वाट पाहिली ते त्याच्या डोक्यावरून गेलं आणि ऐकलं कुणी, तर जिला दोन दिवसांपूर्वी त्याचं नावही माहीत नव्हतं तिने. "अगं, परत आलं की सांग," तो तिच्या मागे लागला. ती दर खेपेला बोट वर करायची, आम्ही दोघं त्या बोटाकडे आणि मग रिकाम्या आभाळाकडे बघायचो.

ताई घाईने काही म्हणायला तयार नव्हती. "याच गटातल्या दुसऱ्या जातीसुद्धा खालच्या पट्टीत ओरडतात. मोजून बघेन, मग सांगेन." परतल्यावर तिचा निरोप आला: त्यांतल्या दोन नोंदी तिला ओटोमॉप्सच्या वाटतात.

रात्री कंदिलाच्या उजेडात वही उघडली गेली. 'पोरंबाळं' मध्ये वाघळाच्या बाजूला ताईने सांगून लिहिवलं: या कुळात बहुधा एका वेळी एकच पिल्लू. 'शत्रू' मधलं प्रश्नचिन्ह खोडून सईने 'टॉर्च' लिहिलं. 'गुण' भरायची वेळ आली आणि मी बाजी मारायच्या तयारीने म्हटलं, "फ्रेरियाची फांदी लावली तरी मूळ धरते. प्रयोगशाळेत ऊतिसंवर्धनाने, म्हणजे झाडाच्या बारीकशा तुकड्यापासूनही रोपं होतात. ती मरू द्यायची नसेल तर मरणार नाही."

अजय थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "हाच तर फरक आहे गं. तुझं झाड उद्या सगळ्या कड्यांवरून गेलं तरी कुणाच्या गच्चीवर राहील, परत लावता येईल. याची फांदी लावता येत नाही. गुहा बिघडली की संपलं."

मी वाद घालायला तोंड उघडलं आणि मिटलं. गच्चीवरच्या कुंडीतली फ्रेरिया मी पाहिलेली आहे. चांगली वाढते, फुलतेही. पण शिवनेरीच्या कातळात निवडुंगाच्या सावलीत लोंबणारी ती आणि कुंडीतली ती यांच्यात मला नेहमी काहीतरी कमी वाटत आलंय: कडा, वारा, ती विशिष्ट माशी, आणि खाली वाट पाहणारी शेळी. त्यामुळे झाड वाचलं म्हणजे सगळं वाचलं असं मी मानत नाही. तरी अजयचा मुद्दा मोडत नव्हता. कड्याची राखण शेळ्या आणि वणवे रोखून होते, तुटली तर दुरुस्तीला थोडी जागा आहे. गुहेची राखण म्हणजे तिथे न जाणं. दोन्हीसाठी एकच योजना आखली तर दोघांतला एक मरेल. सईने 'गुण' रकाना रिकामा सोडला आणि झोपायला गेली.

*जाणाऱ्यांसाठी:* अभयारण्याची परवानगी आधी काढा, दारात जाऊन मिळेल या आशेवर निघू नका. पावसाळ्यात आणि लगेच नंतर जळवांसाठी लांब मोजे, सोबत मीठ. फोनला रेंज जवळजवळ नाही, रोख पैसे ठेवा. कुठल्याही गुहेत वाघळं दिसली तर प्रकाशझोत टाकू नका, फ्लॅश मारू नका. मुलांना जरूर न्या. कारण वर आलंच आहे.

चौथा दिवस: तळेवाडीची वाट, आणि परत

सकाळी धुकं इतकं की समोरची जीप दिसेना. नऊच्या सुमारास वॉचर मामांबरोबर तळेवाडीच्या वाटेने थोडं चाललो. भाताची खाचरं पिवळी पडू लागलेली. मोठ्या चोचीचा धनेश डोक्यावरून गेला, त्याच्या पंखांचा आवाज मात्र मलाही ऐकू आला. वाटेत एक शेतकरी भेटले, खांद्यावर कोयता, मामांचे ओळखीचे. आम्ही कशासाठी आलोय हे कळल्यावर हसले.

"पाकोळ्या बघायला? पुण्याहून?"

मग त्यांनी सांगितलं की गावातल्या बऱ्याच घरांनी भरपाई घेऊन बाहेर जायला होकार दिलाय. शाळा लांब, दवाखाना लांब, पावसात रस्ता बंद, रानगवे शेतात. नाराजी नव्हती त्यांच्या बोलण्यात, हिशेब होता. "पोरं शिकतील की ओ," एवढंच म्हणाले. अभयारण्य म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे झाडं आणि प्राणी येतात. ज्या गावाचं नाव शंभर वर्षांपूर्वी लंडनच्या संग्रहालयातल्या चिठ्ठीवर गेलं, त्या गावची माणसं आता तिथून उठतायत, याबद्दल मला धड आनंदही वाटला नाही आणि वाईटही वाटलं नाही. त्यांनी सईच्या हातावर दोन आवळे ठेवले आणि निघून गेले.

दुपारी बेळगावला पोहोचलो. कुंदा घेतला, मांडेही घेतले, मांडे पुण्यापर्यंत न मोडता नेणं ही वेगळी कसरत. महामार्गावर कोल्हापूरच्या पुढे तासभर अडकलो. अजय मेघालयाच्या गुहांबद्दल बोलू लागला, तिथे याच वाघळाच्या वसाहती सापडल्या आहेत म्हणून. मी म्हटलं, आधी रंधा. तिथली फ्रेरिया मी अजून पाहिलेली नाही आणि तो धबधबा पुण्याहून मेघालयापेक्षा बराच जवळ आहे.